आधी पडायला शिकले

आमच्या किल्लारीत 'जमीन हलायली' हे शब्द कुणी गमतीत बोलत नाही. मी भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले, पण मलाही ते माहीत होतं. तरी आठ वर्षांची असताना एका सकाळी मी ते बोलले आणि अख्खी गल्ली घराबाहेर काढली.

कांजण्या येऊन गेल्या होत्या. ताप उतरला होता, खपल्या पडत होत्या. आदल्या दिवशी आज्जीनं लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घातली होती. मी बाजेवरून पाय खाली सोडले, उभी राहिले, आणि समोरची भिंत डावीकडं सरकली. परत जागेवर आली. परत सरकली. मी ओरडले, "आज्जी, जमीन हलायली!"

आज्जीची धाकटी जाऊ आणि जावेची लेकरं त्या भूकंपात गेली होती. ती त्यावर कधी बोलायची नाही. त्या दिवशीही बोलली नाही. मला उचललं आणि "भाईर पडा, भाईर पडा" म्हणत दाराबाहेर पळाली. मागून आई माझ्या तान्ह्या भावाला घेऊन आली. आज्जीचा आवाज ऐकून शेजारचे आले, समोरचे आले. कुणाचं तरी दूध उतू जाऊन करपल्याचा वास येत होता, पण आत जायला कुणी तयार नव्हतं.

"भांडी वाजली का?"

"मला तर काईच कळलं न्हाई."

आज्जीनं मला खाली ठेवलं. मी उजवीकडं पडले. उठले, तर डावीकडं पडले. कुणीतरी हसलं.

"नीट उभी ऱ्हा की गं," आज्जी म्हणाली.

"मी उभीच हाय. जमीन हलायली."

आज्जी माझ्यासमोर उकिडवी बसली. माझी हनुवटी धरून तिनं डोळ्यांत बघितलं. माझी बुबुळं थरथरत होती, असं ती नंतर सांगायची. मग माझ्या आईकडं वळून हळूच म्हणाली, "मंगल, जमीन न्हाई हलत. पोरगी हलायली."

नाकाला बोट

त्याच दिवशी पप्पांनी जीप ठरवली आणि आम्ही लातूरला गेलो. डॉक्टर वयस्कर होते. ते म्हणाले, "माझ्या बोटाला बोट लाव, मग तुझ्या नाकाला लाव." मी त्यांच्या बोटाला लावलं आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातलं. ते म्हणाले, "दारापर्यंत सरळ चालत जा." मी खिडकीपाशी पोचले. मला हसू आलं. डॉक्टरही हसले. आई हसली नाही.

त्यांनी आईला समजावलं, की मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा एक भाग असतो. कांजण्यांनंतर एखाद्या लेकराच्या त्या भागाला सूज येते. बहुतेक लेकरं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात.

"आन् न्हाई झाली तर?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "तर वेळ लागेल."

आईनं एवढं एकच वाक्य धरून ठेवलं. बाकीची सगळी चांगली वाक्यं तिला कुणी सांगितलीच नाहीत, असं ती पुढचे कित्येक दिवस वागत होती.

त्यांनी मला भरती करून घेतलं; तान्ह्या भावाला घेऊन आई माझ्याजवळ राहिली. वॉर्डात सकाळी फिनेलचा वास यायचा, मग डॉक्टर यायचे, मग ते नाकाला बोट. दुपार संपता संपायची नाही. झोपताना आई तिच्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधायची, म्हणजे मी उठले की तिला कळावं. वरणभाताचा घास मी तोंडाकडं न्यायची आणि तो गालाला लागायचा. बोलणंही बिघडलं होतं. शब्द लांबायचे, मध्येच तुटायचे. 'पाणी' म्हणायला एवढा वेळ लागायचा, की आई आधीच तांब्या घेऊन उभी असायची.

शेजारच्या खाटेवर चाकूरचा एक मुलगा होता, पाय मोडलेला. त्याच्या आईनं दोन दिवस बघितलं, की माझी आई मला भरवते आणि तिचं स्वतःचं ताट तसंच राहतं. तिसऱ्या दिवशी तिनं माझी वाटी सरळ उचलली. "तू जेव माय. हिला मी भरवते," म्हणाली. आई भिंतीकडं तोंड करून जेवली. तिचे खांदे हलत होते. त्या बाईचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही.

कडेवर

सूज उतरली. भिंती जागेवर थांबल्या. पण मी काही थांबले नाही.

पाय फाकवून, हात पसरून मी चालायची आणि तरी पडायची. गल्लीतली पोरं म्हणायची, "शिवू पिऊन आली." माझं नाव शिवकन्या; घरात आणि गल्लीत शिवू. शाळेत बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि 'उठू नकोस' एवढंच सांगितलं. त्यांनी ते मायेनंच सांगितलं होतं. घरातही सगळी मायाच होती. आईच्या कडेवरून आज्जीच्या कडेवर, तिथून पप्पांच्या खांद्यावर. पप्पा साखर कारखान्यात कामाला होते. पाळी संपवून आले, की चहा घ्यायच्या आधी मला उचलून घ्यायचे. अंगारे झाले, दंडाला काळा दोरा झाला.

त्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ, सोन्या, बाजेला धरून उभा राहायला लागला. धपकन बुडावर बसायचा, परत उठायचा. एका संध्याकाळी त्यानं बाज सोडली आणि आज्जीपर्यंत चालत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणाची तरी नजर माझ्याकडं गेली आणि टाळ्या थांबल्या. त्या थांबलेल्या टाळ्या मला आजारापेक्षा जास्त लागल्या. खरं तर मलाही वाजवायच्या होत्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "ही दिवसभरात किती चालते?"

आई अभिमानानं म्हणाली, "जिमिनीला पाय लागू देत न्हाई मी हिचा."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "तेच चुकतंय, बाई," ते म्हणाले, पण रागावून नाही. तोलाचे व्यायाम करून घ्यायला हवेत, रोज, आणि तेही लातूरला. सोन्या अंगावर पीत होता, आज्जीचे गुडघे धरले होते, आई लातूरला राहू शकत नव्हती. मामाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मामा एका शिकवणीच्या ऑफिसात होता, दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होता. मला तिथं ठेवायचं ठरलं. मामीला कुणी विचारलं नाही.

मामी

मामीचं नाव सारिका. माहेर शिरूर अनंतपाळचं. लातूरचा रस्ता ओलांडायलाही ती तेव्हा घाबरायची. रिक्षातून उतरताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की वळ उठले. पुढं मी मोठी झाल्यावर ती एकदा म्हणाली, "तुला दारात बघून मला रडू आलं होतं. तुझ्यासाठी न्हाई गं, माझ्यासाठी. दुसऱ्याचं लेकरू, काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

दवाखान्यात व्यायाम करून घ्यायच्या त्या बिरादार मॅडम. उदगीरच्या. बोलता बोलता कानडी शब्द यायचे. मला बोलवताना त्या हात पसरून म्हणायच्या, "बा, बा, बा!" आमच्या गावात बा म्हणजे बाप. एवढी मोठी बाई मला बाप का म्हणतेय, ते मला कळेना. मामीच्या कानात विचारलं, तर तिलाही माहीत नव्हतं. शेवटी मॅडमनीच सांगितलं, की त्यांच्या कानडीत 'बा' म्हणजे 'ये'.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला जाड गादीवर उभं केलं आणि खांद्याला हलकेच ढकललं. मी पडले. मामी चप्पल न काढता गादीवर आली.

"मॅडम, पडू नये म्हणून आणलंय हिला, आन् तुम्हीच ढकलायलाव?"

"हिला पडायची भीती आहे," मॅडम म्हणाल्या. "भीतीनं अंग ताठ होतं. ताठ झालं, की तोल जास्तच जातो. पडलं तरी परत उठता येतं, हे आधी अंगाला कळू द्या. उभं राहायचं मग बघू."

तर मी आधी पडायला शिकले. हनुवटी छातीला लावायची, हात पुढं घ्यायचे, कुशीवर वळायचं. आणि मग उठायचं: एक गुडघा, दुसरं पाऊल, हात मांडीवर, वर. कुणी हात द्यायचा नाही. मला जमेना. मॅडम मामीला म्हणाल्या, "तुम्ही दाखवा तिला." मामीनं पदर खोचला, दारातून कुणी बघत नाही ना ते बघितलं, आणि गादीवर आडवी पडली. उठताना साडीत पाय अडकून परत पडली. आणि हसली. लातूरला आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते. तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे, हे मला तेव्हा कळलं.

घरी ती दारासमोर रांगोळीची एक सरळ रेघ ओढायची आणि मी त्यावरून चालायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "रांगोळीवर पाय देऊ नये, सारिका."

"ही पाय द्यायलाच काढलीय, काकू," मामी म्हणाली. लग्न होऊन आलेली ती बुजरी मुलगी शेजारणीला उलट बोलली, हे मी मामालाही सांगितलं.

चालून झालं, की रेघ कुठं फिसकटलीय ते आम्ही दोघी वाकून बघायचो. घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहायचं, गुडघ्यांवर उभं राहून चेंडू झेलायचा. मॅडमच्या सांगण्यावरून मामीनं ब्लाउजपीसच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरली. त्या पायाला बांधल्या, की पाऊल कमी भरकटायचं. पप्पांनी किल्लारीहून एक फळी पाठवली, तिच्या खाली अर्धगोल लाकूड ठोकलेलं. तिच्यावर उभं राहिलं, की ती डुगडुगायची. मामाही तिच्यावर टिकला नाही.

रोज असं हसतखेळत चालायचं असं मात्र समजू नका. गुडघ्यांवर उभं राहायचा मला भयंकर कंटाळा होता. एकदा मी मामीच्या हाताला कडकडून चावले. तिनं थोबाडीत दिली. मग आम्ही दोघी दोन खोल्यांत बसून रडलो. थोड्या वेळानं आतून फोडणीचा वास आला. तिनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. दोन ताटल्या आणून माझ्याजवळ बसली. तिच्या हातावर माझे दात उमटले होते आणि ती त्याच हातानं खात होती.

"ताई, उचलू नका"

रविवारी आई यायची. एसटीतून उतरून, जिना चढून, दारात आली की पहिलं मला उचलायची. मॅडमनी सांगितलं होतं, की भेटायला येणाऱ्यांनाही हिला चालत जवळ येऊ द्या. मामी दोन रविवार गप्प राहिली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "ताई, उचलू नका. येऊ द्या तिला."

आईनं मला खाली ठेवलं. सोन्याला छातीशी धरून ती स्वयंपाकघरात गेली. मी हात पसरून चालत मागं गेले, तर तिचा आवाज ऐकू आला.

"माझ्याच लेकराला मी हात लावायचा न्हाई? तुला लेकरू होऊ दे, मग सांग मला."

मामा मध्ये काहीतरी बोलला, आणि तो बोलल्यामुळं आणखीच वाढलं. दुपारच्या गाडीनं आई मला घेऊन किल्लारीला निघाली. मामी जिन्यात उभी होती. तिनं वाळूच्या पिशव्या माझ्या दप्तरात टाकलेल्या मला घरी गेल्यावर दिसल्या.

मी परत कडेवर आले. काही दिवस छान वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कंटाळा आला. आज्जीला मी मॅडमच्या गोष्टी सांगायची, पण माझं बोलणं तुटक, आणि आज्जीला एका कानानं कमी ऐकू यायचं. एका सकाळी मी आईच्या कडेवरून खाली घसरले, अंगणात मध्यभागी उभी राहिले आणि म्हणाले, "आज्जी, बघ, मी पडून दाखवते."

"अगं ए—" आई धावली. पण मी पडले होते. हनुवटी आत, हात पुढं, कुशीवर. आज्जीनं कपाळावर हात मारला. आई पोचेपर्यंत मी गुडघ्यावर आले होते. मी हात वर करून तिला थांबवलं. दुसरं पाऊल. हात मांडीवर. दोनदा डुलले. उभी राहिले.

आई जिथं होती तिथंच थांबली. आजारी पडल्यापासून मी काहीही न धरता जमिनीवरून उठलेली तिनं कधी बघितलीच नव्हती. लातूरला ती यायची तेव्हा मी तिच्या कडेवर असायची, मग बघणार कशी?

"परत दाखव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही लातूरला होतो. मामीनं दार उघडलं. आई म्हणाली, "सारिका, चहा टाक. मग मलापण घेऊन चल त्या मॅडमकडं."

आईचा व्यायाम

मॅडमनी मला त्यांच्याकडच्या डुगडुगत्या फळीवर उभं केलं आणि आईला माझ्या मागं. "हात तयार ठेवा, पण लावायचा नाही. डोकं आपटेल असं वाटलं तरच धरायचं." फळी जरा कलली, की आईचे हात माझ्या कमरेला. मॅडम म्हणायच्या, "सोडा." परत कलली, परत हात. शेवटी मॅडमनी तिला स्वतःचाच पदर दोन्ही हातांत धरायला सांगितला आणि माझ्या मागं त्या उभ्या राहिल्या.

समोरच्या आरशात मला आई दिसत होती. पदर पिळून तिनं दोरी केली होती. खालचा ओठ दातात. मी फळीवरून गादीवर पडले. आई जागची हलली नाही. एवढ्याशा आवाजात म्हणाली, "उठ."

मी उठले.

त्या दिवशी आईचं अंग माझ्यापेक्षा जास्त दुखत होतं. मामीनं तिला पाठीला तेल लावून दिलं. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. एका तापात महिन्याची मेहनत गेली. शाळेचं ते वर्ष गेलं. पण अंतर वाढत गेलं. आधी रांगोळीच्या रेघेवर, मग जिन्यावर कठडा धरून, मग गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. त्या दिवसांत मामीला दिवस गेले होते. पोट दिसायला लागलं, तसे मॅडम तिला म्हणाल्या, "आता तुमचाही तोल बदलणार, बरं का." संध्याकाळी आम्ही दोघी हातात हात घालून फिरायला जायचो, दोघीही पाय फाकवून, सावकाश. कोण कुणाला धरून चाललंय, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. आम्हालाही नेहमी कळायचं नाही.

नांदेडला

आता मी नांदेडला कॉलेजात आहे, वसतिगृहात राहते. 'बरी झालीस का?' असं कुणी विचारलं, की मला पटकन उत्तर देता येत नाही. मी चालते, बस पकडते, बाजारात जाते. अजूनही जिना उतरताना कठडा धरते. दोनचाकी चालवत नाही. दिवे गेले, की भिंत शोधते. बोलते सावकाश, आणि अक्षर इतकं वाकडं, की हेही टाइप करतेय. दमले, की डुलते. मैत्रिणींना माहीत आहे, त्या बाजूनं चालतात आणि हात लावत नाहीत.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते. बाकावर देगलूरकडची एक बाई होती. कडेवर मुलगी, चांगली सहा-सात वर्षांची, पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. माझी चाल बघून तिनं विचारलं, "तुलाबी असंच झालतं का, बाई?" मी हो म्हणाले आणि शेजारी बसले. बरंच बोललो. तिनं शेवटी विचारलं, "सगळे म्हणतात सोड, सोड. पण मी सोडायचं कधी?"

हे मला डॉक्टरांसारखं सांगता येणार नव्हतं. मी तिला बारशाची गोष्ट सांगितली.

मामीच्या बाळाचं बारसं लातूरच्या त्याच दोन खोल्यांत झालं. माझी आई बाळाची आत्या, म्हणजे नाव ठेवायचा मान तिचा. आमच्याकडं पाळण्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहतात. आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून एकीकडून दुसरीकडं देतात, वरून परत घेतात. मग तसंच बाळाला. एका बाजूला आई उभी राहिली. दुसऱ्या बाजूला कोण, म्हणून मामीची आई पुढं झाली, तेवढ्यात पाटावर बसलेली मामी म्हणाली, "तिकडं शिवू उभी राहील."

"अगं, लेकराचा जीव हाय," मामीची आई म्हणाली. ती बिचारी काही चुकीचं बोलत नव्हती. सगळ्या माझ्या आईकडं बघायला लागल्या. ती नको म्हणाली असती, तर मला वाईट वाटलं नसतं. उलट सुटल्यासारखं झालं असतं.

आई म्हणाली, "शिवू, पाय फाकवून उभी ऱ्हा. मॅडमनं शिकवलंय तसं."

वरवंटा जड होता. मी वाकून तो खालून घेतला, वरून दिला. बायकांचं गाणं सुरू झालं. मग आईनं बाळ उचललं, पाळण्याखालून पुढं केलं, आणि मी हात घातले. क्षणभर बाळाखाली चार हात होते. आईची बोटं माझ्या बोटांवर होती, घट्ट. मग ती सैल झाली. मग नव्हती.

बाळ गरम होतं आणि त्यानं मान वळवली. माझं अंग उजवीकडं कललं. मी पाऊल सरकवलं. मी सरळ झाले आणि बाळाला पाळण्यावरून आईच्या हातात दिलं. मामी पाटावर तशीच बसून होती. तिनं अंगाची हालचालसुद्धा केली नव्हती.

आता आई बाळाच्या कानात नाव सांगणार, म्हणून सगळ्या पुढं सरकल्या. पण आईनं परत वाकून बाळ पाळण्याखालून माझ्याकडं केलं. "अजून एकदा घे," म्हणाली.

या वेळी तिनं हात लगेच काढून घेतले.